जाळी नसलेल्या रिंगवरचा वाद

आमच्या भुसावळच्या कोर्टावर रिंगला जाळी नाही. कधीकाळी होती म्हणतात. त्यामुळे होतं काय, की रिंगला न शिवता आरपार गेलेला बॉल आणि रिंगच्या चार बोटं अलीकडे पडलेला बॉल, बाजूला उभ्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. मागच्या रविवारी मी कोपऱ्यातून मारलेला थ्री (रेघेबाहेरून मारलेला, तीन गुणांचा शॉट) असाच गेला. मी म्हणतो आत गेला, समोरची पोरं म्हणतात हवेत गेला. "वाजला कुठे तो, भो?" झालं. ऊन चढायच्या आत मॅच संपवायची म्हणून साडेसहाला उतरलेलो, पण वाद टपरीवर नऊपर्यंत चालला. माझ्या थ्रीवरून सुरू झाला आणि बास्केटबॉलच्या इतिहासातला सर्वांत प्युअर शूटर कोण इथवर गेला.

"प्युअर म्हणजे काय, तूप आहे का?" आमचा लोको पायलट मित्र म्हणाला. चेष्टेत म्हणाला, पण खरा प्रश्न तोच आहे.

रेल्वेतून रिटायर झालेले आमचे एक काका लॅरी बर्डच्या पलीकडे कुणाचं नाव ऐकून घेत नाहीत. एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची, थ्री-पॉइंट स्पर्धा १९८६ ला सुरू झाली आणि पहिली तिन्ही वर्षं बर्डच जिंकला. १९८८ ला तर अंगातलं जॅकेटसुद्धा काढलं नाही, शेवटचा बॉल हवेत असतानाच बोट वर करून चालायला लागला. मी म्हटलं, "काका, रुबाब मान्य. पण बर्डचे अख्ख्या कारकिर्दीत ६४९ थ्री आहेत आणि स्टीफन करीने २०१५-१६ च्या एकाच सीझनमध्ये ४०२ मारले." काका म्हणाले, "एनबीएत ती रेघ आलीच १९७९ ला. तेव्हाचे कोच त्या रेघेबाहेरून मारणाऱ्याला वेड्यात काढायचे." हेही खरंच आहे.

लोको पायलटचा हिशेब सरळ, टक्केवारी बघा. मग मायकल जॉर्डनबरोबर खेळलेला स्टीव्ह कर. थ्रीमध्ये ४५.४ टक्के, एनबीएच्या इतिहासात सर्वांत जास्त. पण मला हे पटत नाही. जॉर्डनवर दोघं-दोघं तुटून पडायचे, तेव्हा कर मोकळा उभा असायचा. मोकळ्या माणसाने मारलेच पाहिजेत की! नेम पक्का होता यात वाद नाही, पण मारायचा तो थोडेच, आणि निवडून. शंभरातले नव्वद प्रश्न सोडून दहाच लिहिले तर टक्केवारी कुणाचीही छान येईल.

सर्वांत मोठा शूटर करीच, यावर मी भांडणार नाही. बॉल आपटत ड्रिबल करता करता, अंगावर माणूस असताना, भलत्याच अंतरावरून मारतो. वर फ्री थ्रोत (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटमध्ये) ९१ टक्क्यांच्या आसपास. (अकरावीतल्या माझ्या पुतणीने इथे तोंड घातलं: सब्रिना आयोनेस्कूने २०२३ च्या बायकांच्या थ्री-पॉइंट स्पर्धेत ४० पैकी ३७ गुण काढले, २७ बॉलपैकी २५ आत. काकांनी चहा खाली ठेवला.) पण मोठा शूटर वेगळा आणि प्युअर वेगळा. करीच्या शॉटमध्ये ड्रिबल मिसळलेलं आहे, हुलकावणी आहे, जादू आहे. प्युअर म्हणजे ज्यात नेमाशिवाय काही मिसळलेलंच नाही. बॉल हातात आला, पाय जागेवर, मनगट सुटलं, संपलं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये क्ले थॉम्पसनने एका मॅचमध्ये ६० गुण केले ते फक्त ११ ड्रिबलमध्ये. हे झालं तूप.

तरी माझं मत क्लेला नाही. माझं मत रे अ‍ॅलनला.

२०१३ ची फायनल, सहावी मॅच, सॅन अँटोनियो आणि अ‍ॅलनची मायामी. आपल्याकडे जूनमधली सकाळ. शेवटची २८ सेकंद, सॅन अँटोनियो ५ गुणांनी पुढे, ट्रॉफीसाठी मैदानाकडेला पिवळी दोरीसुद्धा ताणून झालेली. आणि आमची लाइट गेली. मी शिव्या घालत आंघोळीला गेलो. मायामी जिंकली हे दुपारी कळलं.

त्यामुळे अ‍ॅलनचा बरोबरी करून देणारा थ्री मी पाहिला तो निकाल माहीत असताना. बॉल जाणार हे ठाऊकच होतं, म्हणून मी बॉल पाहिलाच नाही, पाय पाहिले. मायामीच्याच बॉशने रिबाउंड घेतला, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल धरला, तेव्हा अ‍ॅलन रिंगजवळ होता. तो वळून पळाला नाही. तोंड बॉलकडे ठेवून उलट्या पावलांनी कोपऱ्यात सरकला. खाली एकदाही पाहिलं नाही. बॉल हातात आला तेव्हा दोन्ही पाय रेघेच्या बाहेर. ५.२ सेकंद बाकी, ९५-९५. हा माणूस सरावात जमिनीवर आडवा पडायचा, उठायचा, उलट्या पावलांनी कोपऱ्यात जायचा आणि शॉट मारायचा. बघणाऱ्याला वाटावं, असा शॉट मॅचमध्ये कधी येणार आहे? आला! पुढे ओव्हरटाइममध्ये १०३-१०० ने मॅच काढली आणि सातवी जिंकून ट्रॉफीही मायामीने नेली.

मी त्या रविवारी मारला तोही कोपऱ्यातूनच. आमच्या कोर्टावर रेघ अजून जुनी, ६.२५ मीटरची, म्हणजे आताच्यापेक्षा जवळची आहे, हे लोको पायलटने चारचौघांत सांगायची काही गरज नव्हती.

असो. पुतणीने परवा हतनूरला मासे धरणाऱ्या एकाकडून जुन्या जाळ्याचा तुकडा आणला आणि स्टुलावर चढून सुतळीने रिंगला बांधला. तोंड जरा अरुंद झालंय. आत गेलेला बॉल तिथेच लटकतो, खालून काठीने ढोसावा लागतो. काठी सध्या काकांकडे आहे.