रिव्हर्ट मारला की सगळं जसंच्या तसं, म्हणे!

‘सर्व्हर व्हीएमवर आहे ना? मग बॅकअपवर पैसे कशाला घालवता? रोज स्नॅपशॉट घ्या. जागा लागत नाही, रॅन्समवेअरची भीती नाही, बिघडलं की एका क्लिकमध्ये सगळं जसंच्या तसं!’ हा मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. (व्हीएम म्हणजे खऱ्या मशिनमध्ये सॉफ्टवेअरने चालवलेला आभासी कॉम्प्युटर, स्नॅपशॉट म्हणजे त्याची त्या क्षणाची टिपून ठेवलेली अवस्था आणि रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस.) फिरो बापडा. पण एका सीएच्या ऑफिसचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवून वर विचारलं, ‘मामा, बॅकअपचं रिन्युअल टाळू का?’ नाही, टाळू नकोस.

‘जसंच्या तसं’ हीच मुळात थाप. रिव्हर्ट, म्हणजे स्नॅपशॉटच्या क्षणाला परत जाणं, नुसता बिघाड पुसत नाही, स्नॅपशॉटनंतरचं सगळंच पुसतो. सोमवारी रात्री स्नॅपशॉट घेतला, गुरुवारी अपडेट फसलं, रिव्हर्ट मारला. मधल्या दिवसांच्या एंट्र्या गेल्या. त्या पुन्हा मारू, म्हणाल. आणि ई-इनव्हॉइस? त्यांचे आयआरएन (प्रत्येक ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) सरकारी पोर्टलवर नोंदले गेलेत, बिलं गिऱ्हाइकांच्या हातात आहेत. तुमचं सॉफ्टवेअर मात्र सोमवारातच. ते नव्या बिलाला वापरून झालेला नंबर देणार आणि आयआरएन बिलाच्या नंबरावरूनच बनत असल्याने पोर्टल ‘डुप्लिकेट’ म्हणून परत पाठवणार. पोर्टलवर रद्द करायची मुदत २४ तास. मंगळवारच्या बिलांची ती कधीच उलटली. डिस्क मागे नेता येते हो, पोर्टल आणि बँक मागे येत नाहीत.

डोमेन कंट्रोलरची, म्हणजे ऑफिसातले यूजर आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरची, गत याहून वाईट. मागे नेलेला कंट्रोलर वापरून झालेलेच यूएसएन (बदलांचे अनुक्रमांक) पुन्हा वापरतो. बाकीच्या कंट्रोलरना वाटतं, हे बदल आपल्याकडे आहेतच. मग नवे यूजर, नवे पासवर्ड तिकडे पोचतच नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२पासून याला बंदोबस्त आहे, पण हायपरवायजरचीही (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) साथ लागते.

‘जागा लागत नाही.’ घेताना नाही लागत. व्हीएमवेअर या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ डिस्क गोठते आणि नवं लिखाण डेल्टा नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये साठत जातं. डेटास्टोअर (या फाइली ठेवायची जागा) भरला की व्हीएम अडकलंच. खुद्द व्हीएमवेअरचं मार्गदर्शन वाचा: स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे, एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, एकावर एक स्नॅपशॉटची साखळी ३२पर्यंत चालते पण दोन-तीनच बऱ्या. मेसेजवाल्याला हे एक पान वाचवलं नाही.

रॅन्समवेअरचं अर्धं खरं आहे. हल्ला व्हीएमच्या आतच राहिला तर स्नॅपशॉट वाचवेल. पण फेब्रुवारी २०२३मधल्या ईएसएक्सआय-आर्ग्ज या रॅन्समवेअर हल्ल्यात होस्टवरच्या (व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या मशिनवरच्या) डिस्कच्या व्हीएमडीके फाइलींबरोबर स्नॅपशॉटच्या व्हीएमएसएन फाइलीही निशाण्यावर होत्या. सगळं एकाच डेटास्टोअरवर, मग सुटणार काय?

अपडेटच्या आधी स्नॅपशॉट घ्यावा, हे मात्र मान्य. मीही घेतो. सगळं नीट चाललंय असं दिसलं की ७२ तासांच्या आत डिलीट करतो. आणि डिलीटला घाबरू नका: त्याने डेटा जात नाही, डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळतो. डेटा घालवणारं बटण रिव्हर्टचं.