मिसळीच्या थोडं अलीकडे

घोटीहून तांदूळ आणणं ही आमच्या आईच्या लेखी वारी आहे. नाशकात तांदूळ मिळतो, दुकानदार घरपोचही करतो. पण गिरणीत डोळ्यांदेखत पोतं भरून घेतल्याशिवाय तो इंद्रायणीच आहे, यावर तिचा विश्वास बसत नाही. म्हणून जुलैतल्या एका रविवारी मी, बायको, आई आणि ३० किलोचं पोतं असे चौघं नाशिककडे परतत होतो. मुंढेगाव मागे पडलं, गोंदे यायचं होतं, आणि क्लचचं पेडल जे खाली गेलं ते तिथेच बसलं. वर यायचं नावच नाही.

गाडी कशीबशी कडेला लागली. पाऊस इगतपुरी-घोटीकडचा, म्हणजे वरून कोणी बादल्या उपड्या करतंय असा. माझ्या फोनची बॅटरी ३ टक्के, कारण मी नकाशा लावून ठेवला होता. ज्या रस्त्याने तीस वर्षं ये-जा करतोय, त्याचा नकाशा. बायकोच्या फोनला रेंज नाही. आईचा फोन घरी, कारण तो बाहेर नेला की हरवतो.

"एक शून्य तीन तीन लाव," बायको म्हणाली.

तिला रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची सवय आहे. 'अपघातप्रवण क्षेत्र', 'वाहने सावकाश चालवा', सगळं. माझा मोबाइल नंबर तिला अजून बघून सांगावा लागतो. राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ मात्र ती झोपेतही सांगेल. लावला. पलीकडून "नमस्कार" आलं आणि माझ्या फोनने मान टाकली.

तेव्हा मला ती दिसली. शंभरेक पावलांवर खांबाला लावलेली पिवळी पेटी, डोक्यावर सोलरचं पॅनल, अंगावर 'एसओएस'. या पेट्या साधारण दर २ किलोमीटरला असतात, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर. मदत मागायला निघालेल्याने दुभाजक ओलांडायला जाऊन आणखी मोठ्या मदतीची गरज निर्माण करू नये, हा हेतू. आजवर हजार वेळा त्यांच्यासमोरून गेलो असेन. कधी एकीवरही हात ठेवला नव्हता. त्या चालत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. कसं, ते विचारू नका.

पेटीच्या खांबाला एका कणीसवाल्याने ताडपत्रीची दोरी बांधली होती. मी पोचलो तर त्याने आधी कणीस पुढे केलं, मग चेहरा बघून मागे घेतलं.

"गाडी बंद पडली का? ते नका दाबू. चालत नाही ते."

"तुम्ही दाबून बघितलंय?"

"मी कशाला दाबू? चार वर्षं बसतोय इथं. कोणाला बोलताना बघितलं नाही."

तेवढ्यात मोटरसायकलला कॅन लावलेला एक दूधवाला थांबला. "काय झालं भो?" सगळं ऐकून घेतल्यावर त्याने वर पॅनलकडे बघितलं, मग आभाळाकडे. "सोलर आहे ते. आज सूर्य कुठाय?" आत बॅटरी असते, रात्रीही चालायला हवं, असं मी म्हणालो. त्यावर दोघं एकमेकांकडे बघून हसले. शहरातल्या माणसाला हसतात तसे. तिसऱ्याने, जो फक्त पाऊस चुकवायला ताडपत्रीखाली आला होता, सरळ टोचन लावायचा सल्ला दिला. दोर आहे का विचारलं तर म्हणाला, दोर तुमच्याकडे पाहिजे.

मी वाकून पेटी बघितली. कोपऱ्यात कोळ्याने जाळं विणलं होतं, आवाज यायच्या भोकांवरून मुंग्यांची रांग शिस्तीत चालली होती. बटण मात्र कोरं करकरीत. रंगसुद्धा झिजला नव्हता. दाबलं.

खर्रर्र झालं. मुंग्या पांगल्या.

"हां, बोला दादा."

कणीसवाल्याच्या हातातलं कणीस निखाऱ्यात पडलं. मीही दचकलोच. मदत मिळेल अशी तयारी करूनच आलो नव्हतो. काय बोलायचं ते सुचेना. मेव्हणा इंग्लंडला असतो. तिकडे मोटारवेवर असले नारिंगी फोन साधारण मैलामैलावर असतात, दर १०० मीटरच्या खुंटावर जवळचा फोन कुठल्या दिशेला ते बाणाने दाखवतात, आणि बोलताना येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून उभं राहायचं, असं त्याने एकदा जेवताना सविस्तर समजावलं होतं. ते नेमकं आठवलं. मी वाहनांकडे तोंड केलं. पहिल्याच कंटेनरने ते धुऊन दिलं.

"दादा, आहात ना?"

तोंड पुसून मी पत्ता सांगायला घेतला. आता नाशिककराचा पत्ता म्हणजे मिसळ. मुंढेगावाच्या पुढे डाव्या हाताला एक मिसळवाला आहे, काळ्या रश्श्याचा, तो नाही. त्याच्यापुढे जो नवीन झालाय, झोके लावलेत आणि पापड वेगळा देतात, तो. त्याच्या थोडं अलीकडे. म्हणजे आपण नाशिककडून आलो तर पलीकडे, पण मी घोटीकडून आलोय, म्हणून अलीकडे. हे सगळं मी हात करून सांगत होतो, पेटीला.

पलीकडचा माणूस सज्जन. पूर्ण ऐकलं त्याने. मग म्हणाला, "दादा, कुठल्या पेटीवरून बोलताय ते मला इथं दिसतंय. गाडी पेटीच्या पुढे का मागे, तेवढंच सांगा."

दूधवाला हळूच म्हणाला, "रश्श्याचं सांगायला नको होतं भो."

"मागे. शंभर पावलं."

"गाडीचा नंबर?"

एमएच १५. इथपर्यंत सगळं नाशिक सांगू शकतं. पुढचं काही केल्या येईना. माझ्या पहिल्या लुनाचा नंबर तेवढा आठवत होता, तो मी पूर्ण सांगूनही टाकला. मग कणीसवाल्याने गाडीच्या दिशेने हाळी दिली, बायकोने काच खाली करून नंबर ओरडला, दूधवाल्याने मधे उभं राहून तो पुढे ढकलला, आणि मी पेटीत सांगितला. कुठलाही रेडिओ न वापरता.

थोड्या वेळाने गस्तीची गाडी आली. त्यांनी मागे नारिंगी शंकू मांडले. मग क्रेनही आली. "बघा, मी म्हटलं होतं टोचनच लागणार," तिसरा म्हणाला. कणीसवाल्याने मात्र ताडपत्रीची दोरी पेटीच्या खांबावरून सोडून शेजारच्या झाडाला बांधली. वर पेटीवरचं जाळं फडक्याने काढलं. आईला या सगळ्यात एकच काळजी, गाडी पुढून उचलली तर पोतं मागे फाटेल का. ती क्रेनवाल्याला इंद्रायणी कसा ओळखायचा ते सांगत बसली.

गाडी पाथर्डी फाट्याजवळच्या गॅरेजला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. फिटर गाडीखाली आडवा. नुसते पाय दिसत होते. माझं काही पोटात राहीना.

"त्या पिवळ्या पेट्या असतात ना हायवेला, चालतात बरं का! मी स्वतः बोललो आज."

खालून पाना वाजायचा थांबला.

"दुसरं काहीतरी असेल साहेब ते," पाय म्हणाले. "त्या चालत नाहीत."