कालव्याखालचे गाव आणि त्याआधीचे गाव

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातले, उजनी धरणाच्या डाव्या कालव्यावरचे. तिथे शेत कोणते म्हणून विचारले तर गट क्रमांक कोणी सांगत नाही. 'कालव्याखालचं', 'मोरीजवळचं', 'शेवटच्या चारीचं' अशी उत्तरे येतात. त्याच तुकड्याला घरातली म्हातारी माणसे मात्र अजूनही 'लवणातलं' किंवा 'चिंचेचं' म्हणतात. चिंच कालव्याच्या खोदाईत गेली आणि लवण, म्हणजे सखल जागा, भरावाखाली बुजले, त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. गावाचा वारसा म्हटले की आपण देवळाच्या शिखराला रंग देतो आणि वेशीत कमान उभी करतो. पण गाव इथेच का वसले, पाणी कुठून कुठे वाहत होते आणि कोणत्या वाटेने माणसे येत होती, हे सांगणाऱ्या खुणा आपल्या डोळ्यांदेखत पुसल्या जात आहेत. त्याबद्दल आज लिहितो आहे.

भीमा नदीवरचे उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. भीमेचा उगम भीमाशंकरला, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर. तिकडचा पाऊस यशवंतसागरात, म्हणजे उजनीच्या जलाशयात, साठतो आणि जिथे वर्षाकाठी सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अशा आपल्या रानात कालव्याने येतो. हा कालवा जमिनीची समान पातळी धरून, अगदी हलका उतार ठेवून चालतो. त्यामुळे तो सरळ जात नाही. टेकाला वळसा घालतो, ओढा लागला की त्याला मोरीतून खाली सोडतो आणि पुन्हा आपली पातळी पकडतो. पाटाचे पाणी उताराने खालीच जाते, म्हणून कालव्याच्या वरच्या अंगाची जमीन जिरायत राहिली आणि खालची बागायत झाली. एकाच बापाच्या वाटणीतली दोन शेते, मध्ये पन्नास पावलांचे अंतर. पण एकात ऊस आणि दुसऱ्यात पावसावरची ज्वारी. आमच्या गावातल्या मानापमानाची, सोयरिकीची आणि भाऊबंदकीची निम्मी गोष्ट या एका रेषेत आहे.

कालव्याने आमचे भले केले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. माझे शिक्षण त्याच पाण्यावरच्या उसाच्या बिलातून झाले. तरीही त्याने ओढ्याचे महत्त्व संपवले, हेही तितकेच खरे आहे. पूर्वी ओढ्याकाठच्या विहिरी, झरे आणि त्यावरची झाडे यांवर गाव उन्हाळा काढत असे, म्हणून ओढ्यात कोणी घाण टाकत नसे. आता पाण्याची वाट पाहायची ती आवर्तनाची, म्हणजे कालव्याला ठरावीक काळाने सुटणाऱ्या पाण्याची, आणि ओढा केवळ सांडपाण्याचा नाला झाला. भरावाला लागून असलेल्या खालच्या रानात पाझराने आधी विहिरी भरल्या, मग वर्षानुवर्षे पाणी मुरत राहिल्याने काही जमीन खारवट झाली. उन्हाळ्यात तिथे पांढरे मीठ फुललेले दिसते. पाणी झिरपू नये म्हणून कालव्याला आतून अस्तर केल्यावर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचेल, याबद्दल शंका नाही आणि ते झालेच पाहिजे. पण पाझरावर चालणाऱ्या विहिरींचे त्यानंतर काय, याचा विचार त्याच बैठकीत व्हायला हवा.

आपल्याकडे शेतजमिनीला 'काळी' म्हणतात आणि गावठाणाला 'पांढरी'. पिढ्यान्पिढ्या मातीच्या भिंती पडल्या, चुलीची राख साठली, त्यावर पुन्हा घरे उभी राहिली, आणि त्यातून ही पांढऱ्या मातीची उंच टेकाडे झाली. पाऊस कमी, म्हणूनच आपल्या भागात कौलारू छपराऐवजी माळवद चालले. जाड भिंती, लाकडी तुळयांवर पाटण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात नवी माती टाकायची, चोपायची, की घर वैशाखातही गार. उसाचा पैसा आला तसे स्लॅब आले, त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. पण पडक्या वाड्यांची पांढरी ट्रॅक्टरने उपसून शेतात टाकली जाते, तेव्हा तिच्यासोबत खापरे, मणी, जुन्या विटा आणि गावाचे वयही जाते, याचे मला फार वाईट वाटते.

आमच्या कालव्याच्या पायऱ्यांवर एक दगड होता. लहानपणी आई त्यावर धुणे धूत असे आणि मी शेजारी बसून त्यावरच्या आकृत्यांवरून बोट फिरवीत असे. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस आणि त्याच्यामागे गाई. मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या दोन अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तो वीरगळ होता, गावाच्या गाई सोडवताना मेलेल्या कोणा वीराचा, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. काही वर्षांपूर्वी कालव्यालगतचा रस्ता रुंद करताना तो भरावात गेला. काम करणाऱ्यांना तो काय आहे हे कोणी सांगितलेच नव्हते. सांगायला हवे होते ते मी, आणि मी तेव्हा पुण्यात होतो.

हत्तरसंग कुडलला, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, संगमेश्वराच्या मंदिरातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे. 'वाछि तो विजेया होईवा', जो वाचील तो विजयी होईल, असे त्यात कोरलेले आहे. आद्य मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी गावोगाव फिरून, दगड घासून-पुसून जे लेख उजेडात आणले, त्यांतला हा एक. शेकडो वर्षे लोक त्या तुळईखालून दर्शनाला जात होते. ती आपल्याच जिल्ह्यातली, आपल्याच भाषेतली ओळ आहे, हे कळायला कोणीतरी थांबून वर पाहावे लागले.

म्हणून माझी गावकऱ्यांना, विशेषतः तरुण मुलांना, कळकळीची विनंती आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा जुना नकाशा मिळवावा. जमिनींचे तुकडे जोडून गट पाडले त्या एकत्रीकरणाआधीचे सर्व्हे नंबर, ओढे, पाणंदी आणि विहिरी त्यावर पाहाव्यात आणि आज त्या जागी काय आहे ते चालत जाऊन तपासावे. जिथे दगडावर कोरीव काम दिसेल तिथे तो न हलवता फोटो काढावा. कालव्याच्या किंवा रस्त्याच्या पुढच्या कामाआधी ही यादी ग्रामसभेत मांडून ठरावाने नोंदवून घ्यावी. आणि नकाशाच्या प्रत्येक तुकड्यावर त्याचे जुने नाव लिहावे. माझ्या आजोबांच्या शेजारचे एक शेतकरी आज नव्वदीत आहेत. दिवाळीत त्यांनी पारावर बसून, वेशीपासून शिवेपर्यंत, ओढ्याच्या डाव्या काठची एकतीस शेतांची नावे मला ओळीने सांगितली. उजव्या काठची सांगायची राहिली आहेत. येत्या रविवारी वही घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे, ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी आठला पारावर यावे.