तीन वाजताचा भोंगा

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी बाबांशी फोनवर बोलत होते आणि मागे भोंगा सुरू झाला. सात सेकंद आवाज, चौदा सेकंद शांतता, पुन्हा सात सेकंद आवाज. ठाण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते, म्हणजे बाबांची बातम्यांची वेळ. "अगं, सायरन कसला हा? काय झालं तिकडे?" त्यांचा आवाजच बदलला.

झालं काहीच नव्हतं. स्वीडनमध्ये मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी दुपारी तीनला धोक्याचा भोंगा वाजवून बघतात. लोकांनी त्याला नावही ठेवलंय, 'हेसा फ्रेड्रिक', म्हणजे घोगरा फ्रेड्रिक. खिडकीखाली एक बाई कुत्र्याला फिरवत होती. तिनेही मान वर केली नाही आणि कुत्र्यानेही. बाबांना मात्र पटायला पाच मिनिटं लागली.

मी अकरा वर्षं गोथेनबर्गला राहते. माहेर नौपाड्यात. नोव्हेंबर 2024 मध्ये इथल्या सरकारने घरोघरी एक पुस्तिका पाठवली, 'संकट किंवा युद्ध आलं तर' अशा अर्थाच्या नावाची. अशी पहिली पुस्तिका 1943 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन भरात निघाली होती. ताज्या आवृत्तीला कारण अर्थातच युक्रेन. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये स्वीडनने दोनशे वर्षांची अलिप्तता सोडून नाटोत प्रवेश केला होता. आत काय, तर माणशी दिवसाला किमान तीन लिटर पाणी साठवा, आठवडाभर पुरेल असं बघा, बॅटरीवरचा रेडिओ ठेवा, थोडे रोख पैसे ठेवा. मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी पुस्तक छापलं? इथे शुक्रवारी शटडाउन म्हटलं की गुरुवारी रात्रीच मी पिंप भरते."

हसले मी, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. अख्खी पुस्तिका युद्धाबद्दल, तरी वाचून झाल्यावर मला शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी तळघरात जाऊन आमच्या इमारतीचा निवारा पाहून आले. दारावर नारिंगी चौकोनात निळा त्रिकोण, आत सायकली, कुणाची तरी घसरगाडी, एक मोडका पाळणा. वेळ आली तर 48 तासांत हे सगळं बाहेर काढून जागा तयार करायची, असा नियम आहे. देशात असे सुमारे 64 हजार निवारे आहेत आणि त्यांत 70 लाख माणसं मावतात. लोकसंख्या एक कोटीच्या वर, म्हणजे सगळे मावत नाहीतच. हिशोब भीतीदायकच आहे. पण पुस्तिकेत प्रत्येक भीतीच्या पाठोपाठ एखादं काम येतं, आणि हातात काम आलं की पाय लटपटायचे थांबतात.

आता मे 2025 आठवा. सीमेवर चकमकी सुरू होत्या आणि आमच्या ठाण्याच्या दिवाणखान्यात दर काही मिनिटांनी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता, टीव्हीवर. कराचीचं बंदर उद्ध्वस्त झालं वगैरे बातम्या त्या रात्री आल्या आणि सकाळपर्यंत खोट्या निघाल्या. शेवटी नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयालाच वाहिन्यांना सांगावं लागलं की बाबांनो, कार्यक्रमांत हा आवाज वापरू नका, नाहीतर खऱ्या भोंग्याला कोणी भीक घालणार नाही. बाबांचं बीपी त्या आठवड्यात वाढलं ते पुढे महिनाभर खाली यायला तयार नव्हतं. 'काय करायचं' हे त्या पडद्यावर कुणीच सांगत नव्हतं. नुसतं बसून राहायचं, आणि जाहिरातीनंतर पुन्हा बसून राहायचं.

तेव्हापासून घरात दोन तट आहेत. घोडबंदर रोडला राहणारी ताई म्हणते, टीव्हीची केबलच काढून टाका. बाबा म्हणतात, जग जळत असताना डोळे मिटून बसायला मी काय मांजर आहे? ताईचा पक्ष सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जिंकला. ग्रुपचा नवा नियम निघाला, फक्त सकारात्मक पोस्ट. मग सकाळी सूर्योदय, दुपारी सुविचार आणि संध्याकाळी ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा व्हिडिओ, खाली मजकूर, 'निसर्गाने आपल्याला माफ केलं'. बाबांनी त्याला उत्तर टाकलं, 'ते शेवाळ खायला येतात आणि शेवाळ आपल्या सांडपाण्यावर पोसतं.' त्यांना ग्रुपवरून समज देण्यात आली.

मला विचाराल तर बाबांचं बरोबर होतं, पण अर्धंच. खाडीत गटाराचं पाणी जातं हे खरं. ती खाडी 2015 पासून अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, हेही तितकंच खरं. खाडीपलीकडे नवी मुंबईत नेरूळचं डीपीएस तळं घ्या, तिथेही रोहित येतात. भरतीचं पाणी आत यायची वाट बुजली, तळं सुकलं, 2024 च्या हंगामात पक्षी दगावले. तिथल्या रहिवाशांनी 'माफ केलं' असं म्हणून सोडलं असतं तर तिथे आज बहुधा इमारतींचं भूमिपूजन झालं असतं. ते अर्ज करत राहिले, रस्त्यावर उभे राहिले, आणि एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. वाईट बातमी पूर्ण वाचल्याशिवाय हे झालं नसतं. नुसती वाचत बसूनही झालं नसतं.

सोसायटीच्या सकारात्मकतेवर माझा राग आहे तो यासाठी. आशेच्या नावाखाली माणसांना गप्प करण्याची ती सोय आहे.

आता कुणी म्हणेल, तुला काय जातंय बोलायला, दुरून डोंगर साजरे. बरोबरच आहे. इथे पाणी जाणार असेल तर आधी चिठ्ठी येते आणि पाणी त्याच वेळी जातं, म्हणून सरकारच्या पुस्तिकेवर विश्वास ठेवणं मला सोपं. शिवाय इथले लोक काही संत नाहीत. टोळ्यांचे गोळीबार आणि स्फोट इथल्या वर्तमानपत्रांतही नेमाने असतात, आणि माझी सहकारी गेले वर्षभर बातम्याच वाचत नाही.

पण मला हे सगळं शिकवायला स्वीडन लागलं नसतं. आई पालिकेच्या शाळेत होती. पल्स पोलिओच्या रविवारी ती बूथवर बसायची. कितीदा मी तिच्यासाठी डबा घेऊन गेले आहे. 2009 मध्ये भारतात पोलिओचे 741 रुग्ण सापडले होते, जगातले जवळजवळ निम्मे. कुणीही म्हणालं असतं, इथे काही होणार नाही. आई पुढच्या बूथला गेली आणि पोरांच्या करंगळ्यांना शाई लावत बसली. शेवटचा रुग्ण हावड्याचा, जानेवारी 2011 मधला. मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा ती निवृत्त झाली होती. मी तिला विचारलं, तुला तेव्हा वाटायचं का हे संपेल? म्हणाली, "वाटायला वेळ कुठे होता? बर्फ वितळायच्या आत डोस संपवायचे असायचे."

डिसेंबरच्या त्या भोंग्यानंतर बाबांनी मला निवाऱ्याबद्दल बरंच विचारलं. दार केवढं, चावी कुणाकडे. मग म्हणाले, आपल्या इमारतीत आग लागली तर काय, हे आपल्याला तरी कुठे माहीत आहे. दोन दिवसांनी चौथ्या मजल्यावरची होजपाइपची पेटी त्यांनी उघडवून घेतली. आत पाइप नव्हता, कुणाचे तरी जुने चपला-जोडे होते. तेव्हापासून कमिटीला पत्रं चालू आहेत, टीव्हीही चालूच आहे. परवा मी फोन केला तर घाईत होते. "नंतर बोलू. हायड्रंटवाला आलाय, पाणी सोडून बघतोय."

रात्री आईने मेसेज केला, पाणी आलं, पण लालभडक.