पान ३८ : डॉक्टर

खून पान ११ वर झाला, आणि पान ३८ वर समासात शिसपेन्सिलीने, पुस्तीतल्यासारख्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'डॉक्टर. (पहा : पान १९ व २६, घड्याळ.)' पुस्तक १९८ पानांचं. उरलेली १६० पानं मी कशासाठी वाचायची, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

शेवट फोडणारी माणसं मी पाहिलेली आहेत. मध्यंतरात समोशाच्या रांगेत सगळं सांगून टाकतात आणि वर "जास्त सांगत नाही, बघा तुम्ही" म्हणतात. पण पुराव्याला पान क्रमांक जोडणारा हा पहिलाच. त्या 'पहा'चाच मला जास्त राग आला, कारण मी मुकाट्याने दोन्ही पानं पाहिली आणि तिथं खरंच घड्याळ होतं.

भडंग आणि तक्रार मऊ पडायच्या आत संपवावी. दुसऱ्या दिवशी सकाळीच पुस्तक घेऊन वाचनालयात गेले. ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान नाकाजवळ नेलं आणि मोठ्यानं वाचलं, "डॉक्टर." वर्तमानपत्रांच्या टेबलावरून चार माना वर झाल्या. आता सांगलीतल्या आणखी चौघांना खुनी माहीत होता.

"अक्षर अण्णांचं आहे," ग्रंथपाल म्हणाले आणि ड्रॉवरमधून खोडरबर काढला. "देऊ खोडून?"

"आता माझ्या काय उपयोगाचं?"

"तुमच्या नाही ओ ताई. पुढच्याच्या."

मी चिडून म्हटलं, मग सगळ्याच पुस्तकांतलं खोडा. हे वाक्य मी उच्चारलं होतं, एवढं लक्षात असू द्या.

"अण्णा काय, तिथंच बसलेत की पंख्याखाली," ग्रंथपालांनी खोडरबरानेच दिशा दाखवली.

अण्णा म्हणजे ग्रामपंचायती आणि पंचायत समित्यांचे हिशेब तपासण्यात सगळी नोकरी घालवलेले लेखापरीक्षक. वय पंचाहत्तरीपुढचं, शर्टाच्या खिशात हिरव्या शाईचं पेन आणि शेजारी टोक केलेली पेन्सिल. मी पुस्तक समोर आपटलं. त्यांनी ते सरळ केलं, कोपरा दुमडला नाही ना पाहिलं आणि म्हणाले, "पुस्तकात हिरवी शाई मी कधी वापरत नाही. सार्वजनिक मालमत्ता आहे."

"अण्णा, तुम्ही खुन्याचं नाव लिहिलंय."

"लिहिलंय. पण कुठं लिहिलंय? पान ३८ वर. पान २६ पर्यंत कळू शकत नव्हतं. २७ ते ३७ शंका. ३८ वर लेखकाकडून पुरावा पूर्ण झाला, तिथं नोंद घेतली. आधी नाही, नंतर नाही. ज्या दिवशीचा व्यवहार, त्या दिवशीची नोंद."

"पण मला कळलं नव्हतं!"

"तो अनुपालनाचा प्रश्न आहे," अण्णा शांतपणे म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून वही काढली. लांब, आडवी, लाल पाठीची. प्रत्येक कादंबरीला दोन पानं, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. लेखकाने गोष्टीत जे जे आणलं ते पान क्रमांकासह जमेला, आणि ते गोष्टीच्या कामी आलं की खर्ची. शेवटच्या पानावर शिल्लक शून्य आली पाहिजे. मी उघडं पान वाचलं. 'पिस्तूल, एक नग. पान ४७ वर जमा. खर्ची टाकलेले नाही. आक्षेप क्र. ३.' त्याखाली : 'आंधळा नोकर, एक. पान ६०. त्यानंतर हजेरी नाही. खुलासा मागवावा.' आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित : 'जुळा भाऊ, एक. पान १७६ वर एकदम खर्ची. आवक नोंद नाही. गंभीर.'

हसू आलं, पण ते दाबावं लागलं, कारण मी भांडायला आले होते. शिवाय माणूस चुकत नव्हता. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, या प्रकारासाठी दहा नियम घालून दिले. गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटला पाहिजे. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. हाती लागलेला पुरावा गुप्तहेराने वाचकापासून लपवायचा नाही. आणि जुळे भाऊ वाचकाची मनाची तयारी केल्याशिवाय आणायचे नाहीत. नॉक्सना जे देवळात सुचलं ते अण्णांना बहुधा पंचायत समितीच्या साठा नोंदवहीत सापडलं.

अण्णांना भरतमुनीही ठाऊक होते. नाटकाच्या पाच संधी, म्हणजे कथानकाचे पाच टप्पे, त्यांनी बोटांवर मोजल्या : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. मुखात बीज पेरायचं आणि निर्वहणात पेरलेलं सगळं एकत्र आणून फळाला न्यायचं. "निर्वहण म्हणजे काय ओ? वार्षिक ताळेबंद!"

मी विषय टीव्हीवर नेला. वाटलं, मालिका बघत असतील तर 'पुढील भागात' काय, ते सांगून मीही एकदा सूड घेईन.

"ज्या वहीला ३१ मार्च नाही, ती मी तपासत नाही," अण्णा म्हणाले.

आणि इथं माझी पंचाईत झाली. ज्या माणसाशी भांडायला आले होते त्याच्याशी मी इतकी सहमत झाले की पुढची दहा मिनिटं मीच बोलत होते.

कारण गोम तिथंच आहे. रहस्यकथा उलटी लिहितात. खून कोणी, का आणि कसा केला ते आधी ठरतं, मग लेखक मागं मागं येत खुणा पेरतो, आणि सगळ्यात शेवटी पहिलं प्रकरण पक्कं होतं. रोजच्या मालिकेत हे करताच येत नाही, कारण शेवट कधी, तेच कोणाला ठाऊक नसतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात. आकडा चढला की ट्रॅक लांबवायचा, पडला की गुंडाळायचा. म्हणजे 'अंगठी कोणी चोरली?' असं सोमवारी विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसतं. तो अंगठी हवेत फेकतो आणि ती कुठं पडेल ते गुरुवारवर सोडतो. दूरदर्शनच्या काळात मालिका १३-१३ भागांच्या हिशेबाने मंजूर व्हायच्या, आठवड्याला एक. निदान कुंपण कुठं आहे ते लेखकाला दिसायचं.

त्यात वेळेचं गणित. अर्ध्या तासाची जागा, जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा, म्हणून गोष्टीच्या वाट्याला साधारण २४ मिनिटं. 'मागील भागात' आणि 'पुढील भागात' वजा करा. उरलेली वीस ब्रेकने तोडा. प्रत्येक ब्रेकआधी प्रेक्षकाने उठू नये म्हणून एक हिसका हवा, त्याला ही मंडळी हुक म्हणतात. आठवड्याचे सहा भाग म्हणजे वीसेक हिसके. एका कुटुंबात आठवड्याला वीस धक्के बसू शकत नाहीत, आमच्या भाऊबंदकीतसुद्धा नाही. मग ते चेहऱ्यांतून काढायचे : सून म्हणते "आई, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय", की सासू, सासरे, दीर, जाऊ, आणि ज्याचा संबंध नाही तो ड्रायव्हरसुद्धा, एकेकाचा चेहरा ढोल बडवत जवळून दाखवायचा.

वाक्य दोनदा म्हणतात त्याचं मला काही वाटत नाही. बघणारं माणूस पोळ्या लाटत असतं, तवा तापलेला असतो, मालिका अर्धी कानांनीच बघायची असते. ते समजूतदारपणाचं आहे. माझा राग आहे तो फोनवर. सहा महिने चाललेला गैरसमज एका वाक्यात मिटणार असतो, ती तोंड उघडते, आणि फोन वाजतो. तीन वेळा मी हे सोसलं. चौथ्या वेळी शंका आली की फोन लेखकच करतोय. माणूस गप्प राहू शकतो, वर्षानुवर्षं राहू शकतो, आपल्या घराघरांत राहिलेला आहे. पण त्याला कारण लागतं. लाज, कोणाला दिलेला शब्द, घर मोडायची भीती. ते कारण एकदा नीट उभं केलं की ती गप्प बसलेली बघणंच गोष्ट होतं, फोन लागत नाही. कारण उभं करायला मात्र विचार करावा लागतो, आणि फोनला नुसती रिंगटोन. रात्री साडेआठला हात पुसून समोर बसलेल्या बाईला इतकं खुळं समजायचं, याचं मला खरंच वाईट वाटतं. तिने दोन वर्षं दिलेली असतात. परत काय मिळतं? एका शनिवारी सगळे अंगणात हसतात, खलनायिका तीन मिनिटांत सुधारते, आणि सोमवारी त्याच वेळेला दुसऱ्याच घराचं तोरण दिसतं.

"उचंत," अण्णा म्हणाले.

"काय?"

"उचंत खातं. इंग्रजीत सस्पेन्स अकाउंट. रक्कम आली, पण कशाची ते कळत नाही, तर तात्पुरती उचंतला टाकायची. वर्षाअखेर तपास करून योग्य खात्यावर वर्ग करायची. ग्रामसेवक काय करतात? वर्षानुवर्षं उचंतमध्येच ठेवतात. तुमच्या मालिका म्हणजे नुसतं उचंत."

टेबलावरच्या चौघांपैकी एकजण हसला. मला जाणवलं की आपण हरतो आहोत.

"ते राहू दे," मी म्हटलं. "माझ्या डॉक्टरचं काय?"

अण्णांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. हा माणूस भाषणाला बसतो आहे हे मला कळायला हवं होतं.

"ताई, ५ नोव्हेंबर १८४३. इथं, सांगलीत. विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. मराठी नाटकाची सुरुवात त्या दिवसापासून मोजतात. मला सांगा, धनुष्य कोण मोडणार हे त्या रात्री कोणाला ठाऊक नव्हतं? तरी माणसं बसली ना? खुनी कळल्यावर जे पुस्तक वाचवत नाही, ते कळण्याआधी तरी कशाला वाचायचं?"

"ती सीता होती, अण्णा. हा डॉक्टर आहे."

"आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी बघायला जाता का पावसाळ्यात? ४० फुटांला इशारा, ४५ ला धोका. कोयनेतून पाणी सोडलं ही बातमी आधी येते, पाणी मागून येतं. येणार हे सगळ्यांना माहीत. म्हणून कोणी झोपतं का? २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं. अख्खं गाव पट्टीकडं बघत उभं. न कळण्यात काय आहे? कळण्यात आहे सगळं."

टेबलावरून कोणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. पुराचं नाव निघालं की सांगलीत वाद संपतो.

मला उत्तर सुचलं ते नेहमीप्रमाणे घरी जाताना, गणपती पेठेतल्या गर्दीत. उत्कंठा वेगळी आणि रहस्य वेगळं. पुराची उत्कंठा असते : येणार हे ठाऊक, कधी आणि किती एवढंच उरलेलं. तिथं आपण काठावर उभे असतो. रहस्यात वाचकाला कामाला लावलेलं असतं. त्या पान १९ वर मेलेल्या माणसाच्या टेबलावर पाच वस्तू आहेत : चष्मा, दौत, नऊ वीसला बंद पडलेलं घड्याळ, औषधाची बाटली, पानाचा डबा. यादीतलं पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं म्हणून घड्याळ मधोमध. बाटली मुद्दाम त्याच्या शेजारी, कारण खून म्हटला की वाचक बाटलीकडे धावतो. आणि यादी संपल्याबरोबर स्वयंपाकघरात भांडी आदळतात, म्हणजे मागं वळून बघायला फुरसत नको. मग सात पानांनी डॉक्टर सहज बोलून जातो, "दहाला नाडी पाहिली, हेच घड्याळ समोर होतं." बंद घड्याळावर नाडी! कोणीतरी माझ्यासाठी इतक्या निगुतीने लपवून ठेवलं होतं, आणि ते मला माझं मला सापडायला हवं होतं. पान ३८ वर नसतं सापडलं. पान १५० वर सापडलं असतं, रात्री एक वाजता. ती रात्र अण्णांनी खर्ची टाकली, आणि आवक नोंद माझ्याकडे नाही.

हे सगळं परत जाऊन सांगावं असं वाटलं, पण अण्णा म्हणाले असते, लेखी द्या.

परवा दुसरी रहस्यकथा आणली. वाचण्याआधी सगळी पानं अंगठ्याखालून फर्रर्र सोडून पाहिली, समास कोरे. ग्रंथपालांनी शब्द पाळला होता. निर्धास्त वाचत गेले. वाड्यात सात माणसं, एक मृत्युपत्र, एक लंगडा माळी. पान १४१ वर शिवणीच्या अगदी आत, जिथं खोडरबर पोचत नाही, तिथं ओळखीचं वळणदार अक्षर दिसलं :

'मागे पान ६३ वर नोंदवलेले नाव चुकीचे. आक्षेप रद्द. लेखकाचे अभिनंदन.'

मी पान ६३ उघडलं. समासात खोडरबराची खरबरीत जागा आहे. बल्बसमोर धरून पाहिलं, तिरपं करून पाहिलं, पेन्सिल आडवी फिरवून पाहिली. शेवटी एक काना असावा, बहुतेक.