हळद-मिरीच्या भरवशावर स्टिरॉइड बंद करू नका

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, पेन्शनरांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतो. त्याचा गोषवारा असा: मधुमेहापासून हार्ट अटॅकपर्यंत सगळ्या रोगांचं मूळ म्हणजे शरीराच्या आतला दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे आतली सूज-जळजळ). हळदीतलं कर्क्युमिन तो मुळापासून काढतं, हे हजारो शोधनिबंधांनी सिद्ध झालंय. मिरीबरोबर घेतलं तर ते वीस पट शोषलं जातं. नैसर्गिक आहे, त्यामुळे अपाय काहीच नाही, उलट लिव्हर-किडनी साफ होते. पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्या हे दडवतात. आणि शेवटी: स्टिरॉइड आणि वेदनाशामक गोळ्या बंद करा.

ही शेवटची ओळ वाचून कुणीतरी खरोखरच गोळ्या बंद करेल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दाह हेच सगळ्याचं मूळ, तो संपवा.’ वर्षानुवर्षं धुमसणारा दाह धमन्या, सांधे, यकृत, किडनी यांचं नुकसान करतो, इतकं खरं आहे. पण हाच दाह जंतूंना रोखतो आणि जखम भरून आणतो. तो सरसकट दाबला तर काय होतं, हे संशोधकांनी फार मोठी किंमत मोजून शिकलंय. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीर इतकं बेफाम उत्तर देतं की एकेक अवयव बंद पडू लागतो तेव्हा, टीएनएफ नावाचं दाह पेटवणारं प्रथिन अडवलं तर रुग्ण वाचतील असा तर्क होता. १९९६ साली १४१ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. औषध न मिळालेल्यांत ३० टक्के दगावले होते, सर्वांत मोठा डोस मिळालेल्यांत ५३ टक्के. तर्क बिनचूक वाटत होता, तरीही औषधाने माणसं वाचली नाहीत, डोस वाढला तशी जास्त दगावली.

टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी संधिवाताच्या असंख्य रुग्णांचे हात पुन्हा चालते केले, हेही तितकंच खरं. पण २००१ मध्ये लक्षात आलं की यातल्या एका औषधाने सुप्त क्षयरोग जागा होतो. म्हणून आज अशी औषधं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. २०१७ साली दहा हजारांवर हृदयरुग्णांची एक चाचणी झाली. दाहाचा एक नेमका दुवा तोडल्यावर पुढचे झटके सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले, पण जिवावर बेतणारे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही.

कोविडमध्ये तर हे आपल्या घरांपर्यंत आलं. २०२० च्या ब्रिटिश चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराने, कितीतरी जणांचे डोळे, जबडे गेले, त्यात बेताल स्टिरॉइड आणि हाताबाहेर गेलेली साखर यांचा मोठा वाटा होता. औषध तेच. कुणाला, कधी, किती दिलं यावर सगळं ठरलं.

‘हजारो शोधनिबंध.’ निबंध हजारो आहेत, हे मान्य. पण त्यातले बहुतेक काचेच्या बशीतल्या पेशींवरचे किंवा उंदरांवरचे. शिवाय कर्क्युमिन स्वतः चमकतं, अस्थिर आहे आणि नाना प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे प्रयोगशाळेच्या चाचण्या फसतात आणि नसलेला परिणाम दिसतो. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी एका सविस्तर आढाव्यात हे मांडलं. तोवर माणसांवर १२० हून अधिक चाचण्या झाल्या होत्या, पण काटेकोर कसोटीवर त्यांतली एकही यशस्वी म्हणावी अशी त्यांना आढळली नाही. गुडघेदुखीत थोडा आराम पडतो, असं काही छोट्या चाचण्या सांगतात. २०२० च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत १२ आठवड्यांनी दुखणं खरंच कमी झालं होतं, पण एमआरआयवर गुडघ्यातली सूज होती तेवढीच होती.

‘मिरीने वीस पट.’ हा आकडा १९९८ च्या बंगळुरूच्या अभ्यासातून आला आहे. मूठभर निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन आणि मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं होतं. आता हिशेब करा. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे २ ग्रॅमसाठी एका वेळी साठ-सत्तर ग्रॅम हळद लागेल. दुधाच्या पेल्यात आपण घालतो ती एखादा चमचा. आणि मुळात कर्क्युमिन एकटं घेतलं तर रक्तात जेमतेम सापडतं. जेमतेमच्या वीस पट म्हणजे फार नव्हे. शिवाय पिपरीन औषधं मोडण्याची यकृतातली यंत्रणा मंद करतं, म्हणून फिटवरच्या फेनिटॉइनसारख्या गोळ्यांचीही रक्तातली पातळी वाढू शकते. ते त्या मजकुरात कुठेच नाही.

‘लिव्हर-किडनी साफ.’ सगळ्यात घातक मुद्दा हा. २०१८ मध्ये कॅनडातल्या दहा रुग्णालयांतल्या एका चाचणीचा निकाल आला. पोटातल्या महाधमनीचा फुगा दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेत दाहामुळे किडनीला इजा होते, ती कर्क्युमिन रोखेल अशी आशा होती. ६०६ रुग्णांपैकी अर्ध्यांना चार दिवसांत एकूण १६ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. दाहाचे निर्देशांक घटले नाहीत. किडनीला तीव्र इजा निष्क्रिय गोळीच्या गटात १० टक्क्यांना झाली, कर्क्युमिनच्या गटात १७ टक्क्यांना.

यकृताचं पाहा. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी गटाने २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्या-कॅप्सूलमुळे यकृत बिघडलेले दहा रुग्ण नोंदवले. पाच जणांना दाखल करावं लागलं, एक जण यकृत निकामी होऊन गेला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार होता, आणि तो आपल्यात आहे का हे कुणी आधी तपासून घेत नाही. फोडणीतली हळद वेगळी, तिला घाबरायचं कारण नाही. हा प्रश्न तीव्र अर्काच्या कॅप्सूलचा आहे.

‘पेटंट नाही म्हणून दडवतात.’ जखमेवरच्या हळदीच्या वापराचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलंच होतं. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. वनस्पतीतून खरं औषध मिळालं तर कंपन्या ते सोडत नाहीत. कळलावी या विषारी वेलीच्या बियांतूनही मिळणारं कोल्चिसिन हे गाऊटवर, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या एका आजारावर, जुनं औषध. अमेरिकेत २००९ मध्ये एका कंपनीला त्याचे हक्क मिळाले आणि काही सेंटची गोळी जवळपास पाच डॉलरची झाली. २०२३ मध्ये तेच कोल्चिसिन अल्प मात्रेत हृदयरोगासाठी तिथे मंजूर झालं. आणि नैसर्गिक म्हणाल, तर कळलावी खाऊन माणसं मेली आहेत.

आता ती शेवटची ओळ. काही आठवडे स्टिरॉइड घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनणं मंदावतं. गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने. वेदनाशामक गोळ्या रोज घेऊन किडनी खराब होऊ शकते, एवढं मात्र खरं. ती चिंता असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) तपासून घ्या आणि पर्याय विचारा. घरात कुणी किडनी प्रत्यारोपणानंतरच्या, रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिटच्या गोळ्यांवर असेल आणि हळदीची कॅप्सूलही घेत असेल, तर ती बाटली पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून डॉक्टर गाठा.