निळ्या होडीवरची पांढरी नक्षी

होडीच्या निळ्याशार अंगावर सिरॅमिकचा लेप देऊन घेतल्यापासून तिच्यावर पाणी ठरत नाही, हे मी रेवदंड्याच्या खाडीकाठी भेटेल त्याला ऐकवत होतो. गेल्या रविवारी ती बोअरवेलच्या पाण्याने धुऊन मी चहाला बसलो, आणि चहा संपण्यापूर्वीच उन्हात तिच्या सर्वांगावर पांढरी वर्तुळे उमटली. जाता जाता एका कोळीणबाईंनी ‘होरीला देवी आल्या का काय?’ अशी चौकशी केली. प्रकरण तेवढ्यावर मिटले असते तर मीही हसलो असतो.

परंतु पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्याच वेळी फेरफटक्याला निघाले होते. हे गृहस्थ सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी पाण्यातले क्षार मोजण्याचे यंत्र बाळगतात, आणि दिसेल त्या पाण्यात ते बुडवण्यासाठी त्यांना कोणाच्या परवानगीची गरज वाटत नाही. त्यांनी ते माझ्या बादलीत बुडवले.

“आठशे वीस! अहो, पाचशेच्या आत हवेत. आयएस १०५००, आवृत्ती २०१२.”

“साहेब, ते पिण्याच्या पाण्याचे मानक झाले. होडी पाणी पीत नाही.”

“म्हणूनच अजून जिवंत आहे.”

यानंतर मला असे समजावण्यात आले की, हा आकडा विरघळलेल्या एकूण क्षारांचा असून काठिण्य, म्हणजे पाण्यातला चुना, ही निराळी बाब आहे आणि होडीवरचे डाग तिचेच आहेत. तिची इष्ट मर्यादा लिटरला दोनशे मिलिग्रॅम असते आणि ती साबणाच्या फेसावरूनही ओळखता येते. ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी माझा साबण घेतला. पुढे माझी पिण्याची बाटली तपासली गेली. चहाचा कप मी वेळीच मागे घेतला. शेवटी त्यांनी यंत्र थेट खाडीत बुडवले. भरतीचे पाणी, लिटरला तीसेक ग्रॅम मीठ. यंत्राने हात टेकले, तेव्हा खाडीनेच काही गैरव्यवहार केला असावा अशा नजरेने ते तिच्याकडे पाहत राहिले.

संतापजनक भाग असा की गृहस्थांचे म्हणणे खरे होते. समुद्राचे मीठ गोड्या पाण्याच्या एका धारेने निघून जाते. बोअरवेलचा चुना मात्र पाण्याला दाद देत नाही. शिवाय ज्या लेपाचे मी गोडवे गात होतो, तोच पाण्याला पसरू न देता त्याचे टपोरे थेंब करतो, आणि प्रत्येक थेंब आपला सगळा चुना एकाच जागी ठेवून उडून जातो. त्यावर व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून, सावलीत, मऊ कापडाने दोन मिनिटे लावून धरणे आणि मग भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे पुसणे हा उपाय आहे. तो मी केला. डाग बहुतेक गेले आणि होडीला लोणच्याच्या बरणीचा वास आला. काही डाग मात्र लेपातच खोल उतरले आहेत. ते घासून काढायचे तर पॉलिशबरोबर लेपही निघणार, म्हणजे पैसे देऊन लावलेली वस्तू पुन्हा पैसे देऊन काढायची.

लेप लावणाऱ्यांना फोन केला. हमीपत्राच्या मागील बाजूस, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, ‘कठीण पाण्यामुळे पडणारे डाग वगळून’ असे छापलेले आहे, हे त्यांनी अत्यंत नम्रपणे निदर्शनास आणून दिले. कोकणच्या किनाऱ्यावर धंदा करणाऱ्या माणसाने पाणी वगळून हमी द्यावी, याला धाडस लागते! धुण्याचा त्रास वाचेल म्हणून लेप घेतला, आणि आता ऊन चढण्यापूर्वी उठून एकेक थेंब टिपत बसावे लागते.

गृहस्थांच्या मते यावर कायमचा इलाज पावसाचे पाणी साठवणे हा आहे, कारण त्यात चुना जवळजवळ नसतोच. आमच्याकडे ते मुबलक पडते हे खरे. फक्त त्या महिन्यांत होडी ताडपत्रीखाली असते. ही अडचण सांगितल्यावर त्यांनी दहा हजार लिटरच्या टाकीचे अंदाजपत्रक तिथेच मांडायला घेतले, आणि जवळ कागद नसल्यामुळे त्यासाठी माझे हमीपत्र वापरले.